दोन हिस्से साखर, एक हिस्सा पाणी

“नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, ही म्हण काय उगाच पडलीय का?” मी म्हणालो. “हात धरा घट्ट.”

आईने मुलीचे दोन्ही हात आपल्या काखेत अडकवून धरले. मी डाव्या हाताने नाक दाबलं आणि तोंड उघडताक्षणी चमचा आत रिकामा केला. मुलीने औषध गिळलं, माझ्याकडे एकदा रागाने पाहिलं आणि मिनिटभरात सगळं माझ्या शर्टावर ओकली.

“झालं,” पलीकडच्या खाटेजवळून सिस्टर म्हणाली. “आज कंपाउंडरसाहेबांची बोहनी वाईट.”

“पुन्हा भरतो. वेळ काय, आपल्याच बापाची आहे.”

आई हातरुमालाने मुलीचं तोंड पुसत होती. सव्वीस-सत्तावीसची असेल. कपड्यांच्या लाँड्रीत इस्त्री करायची. “काका, तिला गोड आवडतच नाही हो,” ती म्हणाली. “घरी पण तोंड लावत नाही.”

“घरी काय म्हणता हिला?”

“मुंगी.”

“मुंगी, आणि साखरेला तोंड लावत नाही?”

वॉर्डातल्या पाच-सहा आया हसल्या. मुंगीची आईही हसली, जरा उशिराने. मी पुन्हा चमचा भरला, पुन्हा नाक दाबलं आणि या वेळी औषध पोटात राहिलं. शर्ट धुवायचा राहिला होता तरी मी खुशीत जिना उतरलो. हे लिहिताना माझी मला लाज वाटते, पण खूश होतो हे खरं आहे.

आमचं इस्पितळ लहान मुलांचं. तळमजल्यावर औषधांची खोली, आणि त्या खोलीत तीस वर्षं मी. लहान मुलांच्या बेताची सगळीच औषधं काही तयार मिळत नाहीत. मोठ्यांच्या गोळ्या येतात. त्या खलात कुटायच्या, फडक्यातून गाळायच्या, पाकात घोटायच्या आणि बाटलीत भरून वर पाठवायच्या. पाक माझा मीच करायचो. दोन हिस्से साखर, एक हिस्सा पाणी, मंद आच, आणि ढवळताना कोणाशी बोलायचं नाही. दुसऱ्या इस्पितळांत मुलं औषध बघून पलंगाखाली शिरतात. आमच्याकडे काही पोरं माझी वाट बघायची. ‘गुळाने मरतो त्याला विष कशाला?’ असं मी नव्या सिस्टरांना ऐटीत ऐकवायचो. गोडीने काम होत असेल तर दरडावायचं कशाला, एवढंच मला म्हणायचं असायचं.

तरीही एखादं मूल थुंकायचंच. अशांसाठी माझी एक युक्ती होती. वरून निरोप आला की, अमक्या खाटेवरचं थुंकतंय, तर मी त्याच्या पुढच्या बाटलीत औषध तेवढंच ठेवून पाक दुप्पट घालायचो. मग एक चमच्याऐवजी दोन चमचे द्यायचे. लेबलावर कोपऱ्यात आणि औषधांच्या वहीतही लाल शाईचा ठिपका द्यायचो. सिस्टरला एवढंच माहीत होतं की, लाल ठिपका म्हणजे दोन चमचे. दोन का, हे कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही. धंद्यातली खुबी माणूस सांगत फिरत नाही.

आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ही औषध थुंकते, म्हणून मुंगीच्या बाटल्यांवर पहिल्यापासून लाल ठिपका होता. तीन आठवड्यांपूर्वी ती नुसता खोकला आणि कानदुखी घेऊन आली होती. अडीच वर्षांची, बारीक, पण चुणचुणीत. माझं औषध घरी घेऊन गेली. आठव्या दिवशी परत आली तेव्हा डोळे पिवळे झाले होते, पोट ढोलकीसारखं ताणलं होतं आणि मान टाकलेली. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. रक्त काढलं की सुईची जागा तास-तासभर पाझरायची, कापूस बदलून सिस्टर कंटाळायची. लिव्हर सुजलंय एवढं कळत होतं, का ते कळत नव्हतं. काविळीच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या. मग दोन औषधं सुरू झाली, एक लिव्हरचं आणि एक ताकदीचं, दिवसातून तीनदा. दोन्ही माझ्याच खोलीतून जायची. आणि हिचं थुंकणं प्रसिद्ध, म्हणून भरवायला मी जातीने वर जायचो.

वॉर्डाला नवी डॉक्टरीण आली होती. वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढी. ती एका सकाळी मुंगीच्या खाटेशी स्टूल ओढून बसली ती तासभर उठली नाही. कागद मांडीवर घेऊन मुलीने जन्मापासून काय काय खाल्लं ते आईला विचारत होती. मी बाटल्यांचा ट्रे घेऊन खोळंबलो होतो. मनात म्हटलं, पोरीचं रक्त थांबत नाही आणि ही उंटावरची शहाणी स्वयंपाकघराची चौकशी करतेय.

“दूध घेते, भात खाते, अंडं, बटाटा,” आई सांगत होती. “एवढ्यावरच वाढलीय.”

“फळं?”

“फेकून देते. सहा महिन्यांची होती तेव्हा केळं कुस्करून दिलं होतं. पांढरीफटक पडली, घामाने चिंब झाली. दोन-तीनदा असं झालं. मग तिने तोंड मिटलं ते मिटलं. शेजारपाजारचे म्हणतात, नखरे आहेत.”

“हिच्या आधी कोणी?”

“एक मुलगी होती. दीड वर्षाची होऊन गेली. कावीळ झाली होती.”

डॉक्टरणीने लिहायचं थांबवलं आणि मुंगीकडे बघितलं. मग तिने आईला आणि सिस्टरला समजेल अशा शब्दांत सांगितलं. काही मुलांमध्ये जन्मापासून एक उणीव असते. साखरेतला आणि फळांतला एक भाग त्यांच्या लिव्हरला पचवता येत नाही. तो तिथेच साठत जातो आणि लिव्हर नासवतो. ही उणीव आई आणि बाप दोघांकडून मिळून येते, आणि ते दोघं मात्र धडधाकट असतात. वीस-पंचवीस हजारांत एखादं मूल असं निघतं.

“अजून नुसता संशय आहे,” ती म्हणाली. “तपासणीचा निकाल यायला महिना जाईल. पण तोवर थांबायचं नाही. आजपासून साखर बंद. फळ नाही, मध नाही, कसलंही गोड नाही. सलाइनमधलं ग्लुकोज चालतं, ते वेगळं.”

सिस्टरने खाटेच्या कठड्याला पुठ्ठ्याची पाटी बांधली, ‘साखर बंद’. ती मी वाचली. आणि त्याच पाटीखाली उभं राहून दोन बाटल्यांतले चार चमचे मुंगीला पाजले. दुपारी पाजले, संध्याकाळी पाजले. दुसऱ्या दिवशी तीनही वेळा पाजले. आईने हात धरले, मी नाक दाबलं. चार पावलांवर डॉक्टरीण दुसऱ्या मुलाचं पोट तपासत होती. तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मूल औषध घेतंय, यात बघण्यासारखं काय होतं?

मुंगी सुधारली नाही. दुसऱ्या संध्याकाळी तिला झटका आला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरीण जिन्यात सिस्टरला सांगत होती, ते मी ऐकलं. “साखरेचं असतं तर एवढ्यात उलट्या तरी थांबायला हव्या होत्या. माझा अंदाज चुकलाय. उद्या दुपारी मोठ्या इस्पितळात हलवू. तेवढा प्रवास झेपला तर.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाक करत होतो. आमची झाडूवाली मावशी फरशी पुसत होती. माझा नियम मोडून मी तिच्याशी बोलत होतो, कारण मनाला चैन नव्हती.

“नव्या बाईंची विद्या फुकट गेली,” मी म्हणालो. “साखर बंद करून दोन दिवस झाले. पोर तशीच.”

“कोण, ती मुंगी?” मावशीने फडकं पिळलं. “मग हे कोणासाठी घोटताय?”

“तिच्याचसाठी.”

“तिला तर साखर बंद आहे ना?”

“अगं, हे औषध आहे,” मी म्हणालो.

माझं वाक्य माझ्याच कानांनी ऐकलं. हातातल्या डावात साखर होती. ती मी पातेल्यात ओतली नाही, परत डब्यातही टाकली नाही, तसाच डाव धरून उभा राहिलो. मावशी काहीतरी विचारत होती. मला तिचे ओठ हलताना दिसत होते. तीस वर्षं गुळाची जी म्हण मी ऐटीत ऐकवली ती डोक्यात घण घातल्यासारखी वाजत होती. मग मी गॅस बंद केला आणि जिन्याने वर पळालो. साठीला आलेला माणूस जेवढं पळू शकतो तेवढं पळालो.

“डॉक्टरबाई, औषधात साखर आहे.”

“कुठल्या औषधात?”

“सगळ्याच. मी पाकात करतो.”

तिने खाटेशेजारची बाटली उचलून लेबल उलटसुलट वाचलं. “इथे काही लिहिलेलं नाही.”

“लिहीत नाही. तो लाल ठिपका आहे ना, तो म्हणजे दुप्पट पाक. जी मुलं थुंकतात त्यांच्यासाठी.”

“दिवसाचे किती चमचे?”

“बारा. त्यातली आठ चमचे साखर.”

मला वाटलं होतं, ही आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली. बाटली तिच्या हातातच होती.

“मी आईला तासभर विचारलं,” ती म्हणाली. “तुम्ही ट्रे घेऊन इथेच उभे होता. तुम्हाला नाही विचारलं.”

दोन्ही बाटल्या मोरीत रिकाम्या झाल्या आणि मोठ्या इस्पितळात हलवायचं थांबलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंगीची उलटी थांबली. त्यानंतरच्या सकाळी सुईची जागा पाझरायची थांबली. पाचव्या दिवशी ती उठून बसली आणि बसल्या बसल्या तिने शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं अंडं पळवलं. लिव्हर पूर्ववत व्हायला महिने लागतील, थोडा वण राहीलही, पण मूल वाचलं, असं डॉक्टरीण म्हणाली. मी मोठ्या साहेबांकडे सगळं लेखी दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “हे कोणी लिहून मागितलं होतं?” कोणीच मागितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी मुंगीच्या आईने मला व्हरांड्यात गाठलं आणि वाकून माझे पाय धरले.

“डॉक्टरबाईंनी सांगितलं मला,” ती म्हणाली. “तुम्ही धावत येऊन सांगितलंत म्हणून वाचली.”

“अहो उठा, काय करता?” मी चार पावलं मागे सरलो. “माझ्यामुळेच आजारी पडली ती.”

“तुम्हाला काय माहीत होतं? थोरलीच्या वेळी पण तुम्ही किती केलंत. दिवसातून तीन-तीनदा वर यायचात. तुम्हाला आठवत नसेल.”

मला आठवत नव्हतं. हेच सगळ्यांत भयंकर होतं. ती समोर उभी राहून सांगत होती, तीन वर्षांपूर्वी, खिडकीशेजारची खाट, केस कुरळे होते. आणि मला एकही चेहरा आठवत नव्हता. मी मान डोलावत राहिलो आणि पायऱ्या मोजल्यासारखा खाली आलो.

बनवलेल्या प्रत्येक औषधाची नोंद करायची आमच्याकडे शिस्त आहे. मुलाचं नाव, बापाचं नाव, वय, औषध, तारीख. तीन वर्षांपूर्वीची वही फळीवर वरच्या बाजूला होती. बापाच्या नावावरून शोधायला फार वेळ लागला नाही. अक्षर माझंच. अकरा दिवसांत चार बाटल्या. पहिल्या नोंदीपुढे काही नव्हतं. दुसरीपुढे लाल ठिपका. तिसरीपुढे, चौथीपुढेही. वॉर्डाच्या कागदांत पाहिलं, तर चौथ्या नोंदीनंतर दोन दिवसांनी ती गेली होती. त्याच पानावर आणखी सात-आठ लाल ठिपके होते, पुढच्या पानावर तेवढेच. मी वही मिटली. नंतर डॉक्टरीण म्हणाली की, थुंकणारी मुलं बहुतेक नुसती हट्टीच असतात, सगळ्यांना हा आजार नसतो. मलाही ते कळतं. तरी त्या दिवसापासून कोणी लाल शाईचं पेन उघडलं तर मी तोंड फिरवतो.

सिस्टरला मी वही दाखवली. आम्ही एकत्र म्हातारे झालो, तिच्यापासून काही लपवत नाही.

“उकरून काढू नका,” ती म्हणाली. “एक हातची वाचलीय, ती घेऊन जाऊ द्या तिला घरी. गेलेली काही परत यायची नाही. तुमचं मन हलकं करायला तिच्या जिवाला कशाला घोर लावता?”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती बाई माझे पाय धरून गेली होती. मुंगीला घरी सोडायचं ठरलं होतं, तरी दोन दिवस मी वॉर्डात फिरकलो नाही. जाता जाता ती पुन्हा माझे आभार मानणार, कदाचित जन्मभर लोकांना माझं नाव घेऊन सांगणार, हे मला सोसवेना. शेवटच्या दुपारी मी वर गेलो. मुंगी झोपली होती. आई खाटेच्या कडेवर बसून मुलीचे धुतलेले कपडे घड्या करत होती. इस्त्री नव्हती, म्हणून प्रत्येक कपड्यावरून तळहात जोर देऊन फिरवत होती.

“बाई, तुमच्या थोरलीला मी चार बाटल्या दिल्या होत्या,” मी उभ्या उभ्याच म्हणालो. “तीन बाटल्यांवर लाल ठिपका होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्यात हिच्याइतकीच साखर होती.”

तिचा तळहात फ्रॉकवरून फिरत राहिला. एकदा, दोनदा. मग थांबला.

“पण ती आजारी होतीच ना आधी.”

“होती. पण डॉक्टरबाई म्हणतात, साखर थांबली असती तर…”

“तर वाचली असती.”

“बहुतेक.”

मी तयारीने आलो होतो. ती मला मारेल, वॉर्ड गोळा करेल, शिव्याशाप देईल, जे होईल ते खाली मान घालून घ्यायचं ठरवलं होतं. तिने त्यातलं काही केलं नाही. ती झोपलेल्या मुलीकडे बघत बोलायला लागली, आवाजही वाढवला नाही.

“शेवटच्या दिवशी ती तोंड उघडेना. दात असे घट्ट मिटलेले. तुम्ही खाली गेला होतात, सिस्टर दुसरीकडे. बाटली माझ्या हातात. मला वाटलं, औषध नाही घेतलं तर मरेल ही. मी तिच्या गालात मारली, काका. जोरात. तेव्हा तिने तोंड उघडलं.”

मी खाटेचा कठडा धरला.

“तीन वर्षं मी हे कोणाला बोलले नाही. नवऱ्याला पण नाही. मला वाटायचं, आजारी पोरीला मारलं म्हणून ती माझ्यावर रुसून गेली.” तिने फ्रॉकची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. “म्हणजे तिला कळत होतं.”

“हो.”

“दीड वर्षाच्या पोरीला कळत होतं. आणि आपण एवढी मोठी माणसं.”

“तुम्ही औषध म्हणून दिलंत, बाई.”

“तुम्ही तरी दुसरं काय म्हणून दिलंत?”

त्यात माफी होती असं मी धरून चाललो नाही, आजही चालत नाही. ती म्हणाली, “जा तुम्ही आता.”

मी वळलो. दारापर्यंत पोचलो असेन.

“थांबा. ते सगळं तुम्हाला कसं कळलं, ठिपका नि बाटल्या?”

“वहीत लिहिलेलं असतं.”

“तिचं नाव आहे त्यात?”

“आहे. चार ठिकाणी.”

“आणा.”

मी खाली जाऊन वही आणली. तिला वाचता येत नव्हतं. “कुठे?” तिने विचारलं. मी ओळ दाखवली. तिने त्या ओळीवर आपलं बोट ठेवलं. बोटावर इस्त्रीचे जुने डाग होते.

“घरात तिचं नाव कोणी घेत नाही,” ती म्हणाली. “मी घेतलं तर नवरा उठून बाहेर जातो. फोटो पण नाही तिचा. वाचा.”

मी नाव वाचलं. पोरीचं, बापाचं, वय वर्षे दीड.

“पुढचं.”

मी दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. पान उलटून चौथं वाचलं. तेच नाव, तेच वय, माझ्याच अक्षरातलं. प्रत्येक वेळी तिचं बोट माझ्या बोटामागून त्या ओळीवर आलं.

“संपलं?”

“संपलं.”

तिने ओळीवरचं बोट उचललं नाही.

“पहिल्यापासून वाचा परत,” ती म्हणाली. “सावकाश.”

मी खाटेच्या कडेवर बसलो आणि पान मागे उलटलं.